शिदोरीची लाज

सुशिक्षित म्हणविणाऱ्या मराठी कुटुंबांत अलीकडे एक नवाच संकोच मूळ धरूं लागला आहे. आगगाडीनें निघतांना जीं माणसें पोळीभाजीचे चार डबे निःशंकपणें बरोबर घेतात, तींच विमानानें जावयाचें ठरलें म्हणजे स्वयंपाकघराकडे पाठ फिरवितात. डबा नेणें हें गांवढळपणाचें लक्षण. विमानांत खावयाचें तें विकत घेऊनच खावयाचें. निदान चारचौघांच्या दृष्टीस पडेल असें घरचें कांहीं बाहेर काढावयाचें नाहीं, अशी त्यांची समजूत झालेली दिसते. मोठ्या माणसांनीं आपल्या प्रतिष्ठेपायीं चार घटका उपाशी बसावें. त्यास आमची हरकत नाहीं. परंतु या प्रतिष्ठेचा भार ज्याच्या पोटावर पडतो तें बहुधा दोन-तीन वर्षांचें मूल असतें, आणि या सौद्यांत त्याला कोणीं विचारलेलें नसतें. म्हणून या विषयावर चार कडक शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

दुसऱ्यास दोष देण्यापूर्वीं आपला अपराध सांगणें बरें. गेल्या हिंवाळ्यांत आम्ही मुलगा, सून व अडीच वर्षांची नात यांसह पुण्याहून दिल्लीस निघालों होतों. सूनबाईंनीं रात्रीं जागून दशम्या केल्या होत्या. शिवाय दोन केळीं व राजगिऱ्याच्या वड्या असा बेत होता. पहांटे निघतांना तो डबा आमच्या नजरेस पडला आणि आम्ही म्हणालों, "अगं, हें कशाला घेतेस? दोन तासांचा तर प्रवास. लोक काय म्हणतील?" तिनें उत्तर दिलें नाहीं. डबा ओट्यावर राहिला. पुढें विमानांत बसल्यावर दिल्लीच्या धुक्यामुळें उड्डाणाची परवानगी लांबली, व पट्टे बांधलेल्या स्थितींत आम्ही दीड तास जमिनीवरच खिळून राहिलों. उड्डाणानंतर विक्रीची गाडी आली तेव्हां तिच्यांत झणझणीत शेवया, खारे काजू व शीत पेयें एवढेंच शिल्लक होतें. नात रडून रडून थकली. तेव्हां मागच्या आसनावरून इरकली नेसलेल्या एक वृद्ध बाई पुढें वांकल्या व सूनबाईंना म्हणाल्या, "बाळाला दशमी चालंल का? दुधांतलीच हाय." मुलीनें दीड दशमी खाल्ली आणि ती झोंपी गेली. लोक काय म्हणतील हा प्रश्न त्या बाईंना पडला नव्हता. आणि लोकांपैकीं जे एक म्हणणारे होते ते, म्हणजे आम्ही, त्या वेळीं खालीं मान घालून बसलों होतों.

हा झाला आमचा कबुलीजबाब. आतां प्रतिपक्षाकडे वळतों. आणि त्या पक्षांत आम्ही स्वतः होतों, त्यामुळें त्याचीं शस्त्रें आमच्या परिचयाचीं आहेत.

पहिलें म्हणणें असें, कीं विमानांत सर्व कांहीं मिळतें, मग घरून ओझें वाहण्याचा खटाटोप कशासाठीं? ही मंडळी विमानांतील जेवणास जणूं राजेशाही परंपरा आहे अशा थाटांत बोलतात. वस्तुतः ११ ऑक्टोबर १९१९ रोजीं हँडली पेज कंपनीनें लंडन-पॅरिस मार्गावर उतारूंस प्रथम जेवण दिलें तें तीन शिलिंगांस विकलेली थंड फराळाची पेटी होती. विमानांतील अन्नाचा इतिहास अशा रीतीनें डब्यापासूनच सुरू होतो. आपल्याकडे २००३ सालीं एअर डेक्कननें स्वस्त भाड्याचीं विमानें सुरू केलीं तेव्हां फुकट जेवणाला फांटा दिला. ती कंपनी राहिली नाहीं, पण तिची रीत राहिली. आज देशांतल्या बहुतेक उतारूंस विमानांत खावयाचें तर पैसे मोजावे लागतात. तेव्हां 'मिळतें' हें क्रियापद अपुरें आहे. कोणास मिळतें, केव्हां मिळतें आणि कोणत्या रुचीचें मिळतें, हें सांगितल्याशिवाय वाक्य पुरें होत नाहीं.

कोणास? दोन वर्षांखालील मूल सामान्यतः आईच्या मांडीवर बसून जातें. त्याच्या नांवें आसनच नसतें, तेथें ताट कोठून असणार? केव्हां? अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणास दोन तास किंवा अधिक विलंब झाल्यास कंपनीनें उतारूंस खाणेंपिणें द्यावें, असा नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. नियम योग्य आहे. परंतु तो मोठ्या माणसाच्या पोटाच्या मापानें बेतलेला आहे. शिवाय तो विलंब मोजतो, प्रवास मोजीत नाहीं. खरा हिशेब निराळाच आहे. घरापासून विमानतळापर्यंत दीड तास, तेथील तपासणी व प्रतीक्षा यांस दोन तास, आकाशांत दोन तास, उतरून सामान मिळेपर्यंत व मुक्कामीं पोंचेपर्यंत दीड तास. मिनिटाचाहि विलंब न होतां दोन तासांच्या प्रवासाचे असे सात तास होतात. दोन-तीन तासांनीं खाणाऱ्या मुलाच्या या अवधींत निदान दोन वेळा तरी भुकेची हांक येते, आणि ती हांक वेळापत्रक पाहून येत नाहीं.

राहिली रुचि. विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून उडत असलें तरी आंतील हवेचा दाब सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका ठेवलेला असतो. आपलें कळसूबाईचें शिखर सुमारें ५,४०० फूट आहे. म्हणजे विमानांत बसलेला मनुष्य कळसूबाईच्याहि वर जेवत असतो. त्यांत हवा अत्यंत कोरडी. २०१० सालीं जर्मनींतील फ्राउनहोफर संस्थेनें अशा हवेंत प्रयोग करून दाखविलें, कीं कमी दाबाखालीं खारट व गोड या चवी जिभेला मंद लागतात. म्हणून विमानाचे आचारी मीठमसाला चढता घालतात. तो प्रौढ जिभेचा विचार झाला. मेतकूटभातावर वाढणाऱ्या मुलानें त्या चढत्या मसाल्याचें काय करावें?

किंमतीबद्दल आम्ही फार बोलत नाहीं, कारण सरकारनेंच बोलून ठेवलें आहे. विमानतळावरचा चहा सामान्य माणसाच्या आवांक्याबाहेर गेला आहे या तक्रारीची दखल घेऊन डिसेंबर २०२४ मध्यें कोलकात्याच्या विमानतळावर दहा रुपयांत चहा देणारें 'उडान यात्री कॅफे' उघडण्यांत आलें. मोठ्यांच्या चहाची सोय करणें सरकारास अगत्याचें वाटलें, हें चांगलेंच झालें. मुलाच्या घांसाची सोय आपणच करावयाची आहे.

दुसरा आक्षेप वासाचा. बंद विमानांत घरगुती अन्नाचा वास इतरांस त्रासदायक होतो, असें म्हणतात. यांत तथ्य आहे, आणि तें आम्ही मोकळेपणीं मान्य करतों. लसणाची चटणी, मुरलेलें लोणचें, तळलेले बोंबील या गोष्टींना त्यांचें त्यांचें स्थान आहे. तें विमानांत नव्हे. शेजाऱ्याचा विचार करणें हा नागरिकत्वाचा पहिला धडा आहे. परंतु हा धडा देणारे स्वतः तो कसा गिरवितात? गरम पाणी ओतून विकलेल्या मसालेदार शेवयांचा दरवळ पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पसरतो, आणि कोणाच्याहि कपाळाला आठी पडत नाहीं. कोणी दशमीला लावलेल्या तुपाचा डबा उघडला मात्र, कीं माना वळतात. विकत घेतलेल्या वासाला सभ्यतेचा परवाना आहे, घरच्या वासाला नाहीं! हा नाकाचा न्याय नव्हे. हा पाकिटाचा न्याय आहे. त्यांतहि एकाच्या चुलीचा वास सुगंध व दुसऱ्याच्या चुलीचा वास दुर्गंध ठरविण्याची आपल्या समाजाची खोड फार जुनी आहे. नियम करावयाचा तर तो सर्वांच्या डब्यांस व विकत घेतलेल्या पुड्यांसहि सारखाच लागू करावा.

तिसरा आक्षेप तपासणीचा. सुरक्षारक्षक अन्न अडवितात, मग चारचौघांत अपमान होतो, ही भीति पुष्कळांस वाटते. तिचें मूळ अज्ञानांत आहे. १० ऑगस्ट २००६ रोजीं पेयांतून स्फोटकें नेण्याचा कट ब्रिटनमध्यें उघडकीस आला आणि त्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासांत शंभर मिलिलिटरहून मोठ्या बाटलींतील द्रवपदार्थ हातच्या सामानांत नेण्यास बंदी झाली. परंतु त्या बंदींतूनहि बाळाचें दूध व बाळाचें अन्न प्रवासास लागेल तितकें वगळलेलें आहे. कट उघडकीस आल्याच्या त्या पहिल्या दिवसांत, जेव्हां ब्रिटनमधील उतारूंस हातांत जवळजवळ कांहींच नेऊं देत नव्हते, तेव्हांसुद्धां बाळाच्या दुधाची बाटली जाऊं देत. अट एवढीच, कीं बरोबरच्या माणसानें तें दूध रक्षकासमोर चाखून दाखवावें. ज्या रक्षकांस प्रत्येक बाटलींत स्फोटक दिसत होतें त्यांनींहि मुलाची भूक मानली, आणि आपण ती 'लोक काय म्हणतील' या प्रश्नापुढें मानीत नाहीं! दूध व पातळ अन्न वेगळें काढून आपण होऊन दाखवावें, म्हणजे तंटा उरत नाहीं. पोळी, दशमी, वडी, फळ यांना देशांतर्गत प्रवासांत कोणी हरकत घेत नाहीं. तुपाची बरणी व तेलकट लोणचें मात्र हातच्या पिशवींत घालूं नये, तीं अडतात. सुक्या खोबऱ्याची वाटीहि नेऊं नये. तेलाच्या अंशामुळें तें आपोआप पेट घेऊं शकतें, म्हणून विमानवाहतुकींत त्याची गणना धोकादायक मालांत होते. परदेशीं जाणारांनीं एवढें अधिक ध्यानांत ठेवावें, कीं शिदोरी आकाशांत संपवावयाची असते. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथें उतरतांना जवळ उरलेलें अन्न जाहीर करावेंच लागतें. न्यूझीलंडमध्यें न सांगितलेल्या एका फळाबद्दलहि चारशें डॉलर दंड होतो.

चौथा आक्षेप सर्वांत बळकट आहे आणि तो बहुधा बोलून दाखविला जात नाहीं, कारण ज्यांनीं बोलावयाचा त्या त्या वेळीं स्वयंपाकघरांत असतात. सहाच्या विमानासाठीं तीन वाजतां घर सोडावयाचें, आणि त्याआधीं उठून दशम्या लाटावयाच्या कोणीं? घरच्या अन्नाचा महिमा गाणारे आमच्यासारखे लेखक शेवटीं घरच्या बाईच्या झोंपेवरच आपला सिद्धान्त उभारतात, हा आरोप खरा आहे. त्यास उत्तर एकच. ज्याला शिदोरीचा अभिमान असेल त्यानें कणीक मळावी. ज्याला मळतां येत नाहीं त्यानें केळीं आणावीं, वड्या आणाव्या, डबा घांसून भरावा व तो खांद्यावर वाहावा. मूल दोघांचें आहे, तर त्याचा घांसहि दोघांचा आहे. ज्या घरांत हें होणार नाहीं, त्या घरानें या लेखाचा आधार घेऊन सुनेला पहांटे उठवूं नये, अशी आमची स्पष्ट सूचना आहे.

प्रतिपक्षास उत्तरें देतांना स्वपक्षाचे दोष झांकणें अप्रामाणिकपणाचें होईल. शिदोरी नेणाऱ्यांपैकीं कित्येक ती डोळे मिटून नेतात. मुलाला आवडते म्हणून पहांटे केलेली मऊ खिचडी दुपारीं दोनला भरवितात. शिजलेलें अन्न खोलींतल्या उष्णतेंत दोन तासांहून अधिक ठेवूं नये, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. भाताविषयीं तर विशेष सावध राहिलें पाहिजे. त्यांत जंतूंचीं अशीं बीजें असतात कीं जीं शिजविण्यानें मरत नाहींत, आणि भात तसाच राहिला तर तीं वाढून जें विष तयार होतें तें पुन्हा गरम केल्यानेंहि जात नाहीं. आपल्या आजीबाईंनीं प्रवासासाठीं भात न निवडतां दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, शंकरपाळे व वड्या निवडल्या, त्यांत आंधळी रूढि नव्हती. जें टिकतें तें पाहून केलेली ती निवड होती. त्याच निवडीवर आजहि भिस्त ठेवावी. खारे शेंगदाणे, फुटाणे, अख्खीं द्राक्षें लहानग्यांच्या हातीं देऊं नयेत. तीं श्वासनलिकेंत अडकतात, आणि आकाशांत डॉक्टर बोलावतां येत नाहीं. द्राक्षें उभीं चिरून द्यावीं. वर्षाआंतल्या मुलाला मध चाटवूं नये. डब्याचे तीन वांटे करावे: एक प्रतीक्षेसाठीं, एक विमानासाठीं व एक विलंबासाठीं, आणि हा तिसरा वांटा मोठ्यांनीं खाऊन टाकूं नये. घट्ट झांकणाची बाटली वर गेल्यावर सावकाश उघडावी, कारण बाहेरचा दाब उतरल्यानें आंतील हवा फुगलेली असते व दूध शेजाऱ्याच्या अंगावर उडतें. विमान उतरूं लागलें म्हणजे मुलाला घोटघोट कांहीं पाजावें. गिळण्यानें कानाचे दडे सुटतात व रडणें थांबतें. उष्टें व सालें पिशवींत बांधून आपण न्यावीं. आसनाखालीं शंकरपाळ्यांचा चुरा सोडून उठणाऱ्या माणसाला शिदोरीचा अभिमान बाळगण्याचा अधिकार नाहीं.

हा सगळा तपशील कोणास क्षुल्लक वाटेल. परंतु आमचा मूळ मुद्दा डब्याचा नाहीं, लाजेचा आहे. सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधावांचून मुलाला दुसरें कांहीं देऊं नये असें सारे वैद्य सांगतात. आणि तीच आई विमानांत मुलाला पाजूं लागली, कीं शेजारचा सद्गृहस्थ भुंवया चढवितो. दोन वर्षांपर्यंतच्या मुलांच्या डबाबंद अन्नाची जाहिरात करण्यास आपल्या देशांत १९९२ च्या कायद्यानें बंदी आहे. तरीहि विकतचें तें प्रतिष्ठित आणि घरचें तें लाजिरवाणें, ही जाहिरात आपण आपल्याच डोक्यांत, एक पैसा न घेतां, अहोरात्र चालवीत असतों. तिच्यावर कोणता कायदा बंदी घालणार?

यावर कोणी म्हणेल, जुन्या शिदोरीचे एवढे गोडवे नकोत. तिच्या गांठींत सोंवळेंओंवळेंहि बांधलेलें होतें. हें आम्हांस नाकबूल नाहीं. १८५३ सालीं बोरीबंदराहून ठाण्यास आगगाडी धांवली, सर्व जातींचे लोक एका डब्यांत बसूं लागले, आणि परक्याच्या हातचें खाण्याची धास्ती घेतलेल्या लोकांनीं आपापल्या शिदोऱ्या अधिकच घट्ट बांधल्या. दशमी दुधांत भिजवावयाची तीसुद्धां केवळ टिकाऊपणासाठीं नव्हे. पाण्याऐवजीं दूध घातलें म्हणजे ती खरकटी होत नाहीं, असा त्यांतला शास्त्रार्थ होता. तेव्हां शिदोरी नेत ती दुसऱ्याच्या हाताच्या भयानें; आज ती टाकतात ती दुसऱ्याच्या दृष्टीच्या भयानें. दोन्ही भयें एकाच जातीचीं आहेत. दोहोंतहि शेजारी बसलेला मनुष्य हा मनुष्य नसून संकट आहे, असें गृहीत धरलेलें असतें.

या दोन्ही भयांवर आपल्याच परंपरेंत उतारा आहे. गोपाळकाल्यांत सवंगड्यांनीं आपापल्या शिदोऱ्या सोडून एकत्र कालविल्या. कोणाची जाड भाकरी, कोणाचें आंबट ताक, कोणाच्या लाह्या. सप्ताहाची समाप्ति आजहि काल्याच्या कीर्तनानें होते, आणि हातांत पडलेला काला कोणाच्या घरचा हें कोणी विचारीत नाहीं. त्या इरकलीवाल्या बाईंनीं विमानांत जें केलें तें याहून वेगळें नव्हतें. आधीं आईला विचारलें, मग दिलें. न विचारतां परक्या मुलाच्या तोंडांत घांस कोंबला नाहीं. यापेक्षां निराळी सभ्यता कोणत्या विद्यापीठांत शिकवितात, हें तीस वर्षें अध्यापन करूनहि आम्हांस सांपडलेलें नाहीं.

मूल आईबापांच्या तोंडाकडे पाहून जग ओळखावयास शिकतें. घरचा डबा उघडतांना आईनें इकडेतिकडे चोरून पाहिलें, तर घरचें अन्न ही चोरून खाण्याची वस्तु आहे, असा पाठ त्याला मिळतो. उद्यां याच पाठाचा विस्तार घरच्या भाषेपर्यंत, घरच्या नांवापर्यंत व शेवटीं घरच्या माणसांपर्यंत होतो. आज आपण म्हणतों, डबा नको, लोक काय म्हणतील. वीस वर्षांनीं तोच मुलगा म्हणेल, आईला समारंभाला नको, लोक काय म्हणतील. मग त्याला बोल लावण्यांत अर्थ नाहीं. पाठ आपणच दिलेला आहे.

दिल्लीहून परतल्यावर आम्हीं सूनबाईंची क्षमा मागितली, आणि पुढील प्रवासाचा डबा आपण करण्याचें कबूल केलें. पन्नाशी उलटल्यावर कणीक मळावयास शिकणें इंग्रजी व्याकरण शिकण्याहून अवघड आहे, असा आमचा अनुभव आहे. आमची दशमी गोल होत नाहीं; कडेला जाड राहते आणि मध्यें फाटते. नातीनें मात्र तिच्याबद्दल अद्याप तक्रार केलेली नाहीं, आणि गेल्या खेपेस विमानांत तो डबा आम्हीं मांडीवर, सर्वांना दिसेल असा, उघडून ठेवला होता.